बाबेल म्हणजे आई नव्हे

३ फेब्रुवारी

प्रिय दादास,

सप्रेम सलाम. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून मोठ्याने कुरकुरते, त्यामुळे त्याचं काही चालत नाही. वहिनींचा खोकला थांबला का? धाकटीचा निकाल लागला की कळव.

तुझ्या बायबल-वर्गाचं अभ्यासपत्र मिळालं. एक प्रत मला, एक आईला, एक पाळकसाहेबांना, आणि उरलेला गठ्ठा चर्चच्या बाकांवर ठेवण्यासाठी. वाटपाची व्यवस्था नेहमीप्रमाणे चोख. श्वापदाची सात डोकी तू नीट काढली आहेस. शिंगं दहाच आहेत, पण त्यातली दोन कानांसारखी दिसतात. पुढच्या खेपेला बघून घे, नाहीतर तुझ्या वर्गातलं कोणीतरी त्या कानांचाही अर्थ लावेल.

आई पुन्हा लग्न करणार आहे, हे मी तुला डिसेंबरात लिहिलं होतं. कवळीवाले काका कोण, तेही सविस्तर कळवलं होतं: गल्लीच्या टोकाला त्यांची खोली आहे, दंतवैद्य मापं पाठवतात आणि ते गुलाबी मेणात दात बसवत असतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आईची खालची कवळी त्यांनी तीनदा घासून दिली आणि चौथ्यांदा आई कवळी नीट बसत असतानाच गेली. त्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. त्याऐवजी दोन महिन्यांनी हे छापून पाठवलंस. ‘वैधव्य नाकारणारी स्त्री: अंतकाळाचे एक चिन्ह.’

आईचा उल्लेख कुठेही नाही. तेवढी हिंमत तुझ्यात नव्हतीच. तू म्हणतोस, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, बाबेल राणीसारखी मिरवते आणि आपण विधवा नाही असं मनात म्हणते. म्हणून या शेवटच्या दिवसांत जी स्त्री वैधव्य झुगारते तिच्यात बाबेलचा आत्मा आहे. म्हणून चर्चच्या मंडळीने आणि घरच्यांनी तिच्यापासून दूर व्हावं, आणि म्हणून प्रभूच्या मंदिरात असा विवाह लागू नये. तीन ‘म्हणून’, आणि तिन्हींच्या खाली जमीन नाही.

दादा, तू वजनमापं तपासणारा माणूस. दुकानदाराच्या काट्याखाली चिंचोक्याएवढं मेण लागलेलं असलं तरी तू ते नखाने खरवडून काढतोस आणि काटा जप्त करतोस. शास्त्र हातात घेतलं की तुझी ती नखं कुठे जातात?

शास्त्र शिकवताना बाबांचा पहिला नियम काय होता? जिथे देवदूताने स्वतः अर्थ सांगितला आहे तिथे आपण तोंड उघडायचं नाही. दानीएलाच्या दर्शनात मेंढा आणि बकरा येतात, आणि ते कोणत्या देशांचे राजे हे त्याच अध्यायात देवदूत सांगून टाकतो. बाबा तिथे फळ्यावर एक रेघ मारायचे आणि म्हणायचे, “झालं. इथे हुशारी बंद.” आता प्रकटीकरण उघड. श्वापदावर बसलेली ती स्त्री कोण, हे सतराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी देवदूताने सांगितलं आहे. ती एक मोठं शहर आहे. राज्यांवर राज्य करणारं शहर. तू सतराव्यातलं श्वापद घेतलंस, अठराव्यातली विधवा घेतलीस, आणि मधलं हे एक वाक्य ओलांडून गेलास. ते तुला दिसलं नाही यावर मी विश्वास ठेवू का? बाबांनी ते आपल्या दोघांकडून पाठ करून घेतलं होतं.

आणि विधवा नाही असं बाबेल का म्हणते, हे यशया संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवलं आहे. ज्या नगरीने दुसऱ्यांची घरं उजाड केली, गावोगावच्या बायकांना विधवा केलं, ती म्हणते की माझ्यावर ही पाळी येणार नाही. तो माज एका साम्राज्याचा आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाईने संध्याकाळी चहाला सोबत हवी म्हणणं हा माज नव्हे.

मी नकाशा कचेरीत काय करते हे तुला ठाऊक आहे. पानाच्या कोपऱ्यातली सूची तयार करते: ही रेघ नदी, हा ठिपका विहीर. ज्या पानाची सूची त्याच पानाला. दुसऱ्या पानाची लावली की पूल नदीवर न पडता कोणाच्या तरी अंगणात पडतो. तुझ्या अभ्यासपत्रात असा एक पूल आईच्या स्वयंपाकघरात येऊन पडला आहे.

मागच्या वर्षी तुझ्याकडे आले तेव्हा मी तुझ्या वर्गात बसले होते. आठवतं? भिंतीवर तो मेणकापडाचा तक्ता, दर्शनातला कोणता राजा म्हणजे आजचा कोणता पुढारी ते दाखवणारा, हातात पडद्याचा दांडा. निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, “सर, उत्तरेचा राजा मागच्या खेपेला वेगळा होता ना?”

तू म्हणालास, “प्रकाश वाढत जातो, मास्तर.”

“म्हणजे आधीचा चूक?”

“आधीचा अपुरा.”

शिवणवाल्या मावशी लगेच म्हणाल्या, “तरीच! मला त्याचा चेहरा कधी राजासारखा वाटलाच नाही.” आणि सगळ्यांनी वह्यांत जुनं खोडून नवं लिहिलं. उत्तरेचा राजा तुझ्याकडे भाडेकरूसारखा बदलतो, दादा, आणि तरी खोली रिकामी राहत नाही.

हे लिहिताना मला मजा येते आहे, हे मला कळतं. ती येऊ नये असंही वाटतं. पण येते आहे.

आईने तुझं पत्रक चष्मा लावून संपूर्ण वाचलं. मग ते घडी करून डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, “मी बाबेल? एवढं मोठं शहर? मला तर दोन खोल्या झाडवत नाहीत.” कवळीवाले काका तर खूश झाले. “पृथ्वीचे राजे तिच्या नादी लागले असं लिहिलंय ना? म्हणजे मी राजा! दात घासून घासून कुठवर पोचलो बघा.” काका शास्त्रात कच्चे आहेत, प्रवचनात घोरतात आणि स्वतःचे विनोद दोनदा सांगतात. तुला ते आवडणार नाहीत. मलाही फारसे आवडत नाहीत.

आईने मला एक विचारलं आहे, त्याचं उत्तर द्यायचं बाकी आहे. ते मी बघते. तुला त्यात लक्ष घालायची गरज नाही.

वहिनींना आणि मुलांना माझा सलाम.

तुझी,
थोमी

(शंका काढते म्हणून बाबांनी बायबलातल्या संशयी शिष्यावरून ठेवलेलं हे नाव तू वर्गात सगळ्यांना सांगितलंस. तेव्हा आता त्या शंकाही तूच ऐक.)


१९ फेब्रुवारी

प्रिय दादास,

सलाम. तुझं उत्तर मिळालं. धाकटीचं अभिनंदन, गणितात तिने आत्याला मागे टाकलं, हे तिला सांग. इकडे ऊन वाढलं आहे. कचेरीतला पंखा फिरतो त्याहून जास्त बोलतो.

तुझ्या लांबलचक पत्रातला बराचसा भाग मी लाल पेन्सिल हातात धरून वाचला. ‘स्त्री म्हणजे मंडळी, हे सर्वमान्य आहे.’ कोणत्या सर्वांना? पोस्टमास्तरांना आणि मावशींना? ‘चिन्हाचे अनेक थर असतात.’ असतात. पण वरचा थर आई, हे तुला कोणी सांगितलं? आणि तो दातांचा परिच्छेद. दानीएलाच्या चौथ्या श्वापदाला लोखंडी दात आहेत, आणि वराचा धंदा दातांचा आहे, हे शिवणवाल्या मावशींच्या लक्षात आलं, आणि तू त्याच्यापुढे ‘विचार करण्याजोगे’ असं लिहिलंस. दादा, काका प्लास्टिकचे दात करतात. लोखंडाचे केले तर एकही दंतवैद्य घेणार नाही.

तू विचारतोस, यशयात वैधव्य संपल्याचं आणखी कुठे आहे ते दाखव. दाखवते. ज्या अध्यायात बाबेलला ते शब्द सुनावले आहेत तिथून सात अध्याय पुढे जा. तोच संदेष्टा एका एकट्या पडलेल्या स्त्रीला सांगतो की तुझ्या वैधव्याचा कलंक तुला पुन्हा आठवणारही नाही. तिथे ते वचन आहे, शिक्षा नव्हे. तुझा नियम असा की एका चिन्हाचा अर्थ सगळीकडे तोच धरायचा. मग धर. या हिशेबाने कवळीवाले काका म्हणजे देवाचं अभिवचन. पुढच्या अभ्यासपत्रात छाप, मी चित्र काढून देते.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. उठून भांडी घासली. आता शेवटच्या ओळीकडे यायला हवं.

तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, तू एकच ओळ लिहिली आहेस: ‘तू आईला काय सांगितलंस, आणि तुला तरी हे लग्न हवं आहे का?’

पहिल्या वाचनात मला वाटलं, हरतोय म्हणून विषय बदलतोय. मग मी ती ओळ पुन्हा वाचली. बाकी सगळी पानं तू चुकीची वाचलीस. मला मात्र बरोबर वाचलंस. याचा मला फार राग आला.

तर ऐक. तुझं पत्रक वाचून आई हसली, हे खरं. पण तो विनोद पाळकसाहेब घरी येईपर्यंतच टिकला. ते खुर्चीच्या कडेवर बसले, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, “मी कोणाच्याच बाजूचा नाही, आई. पण मंडळीत कुजबुज आहे. चिरंजीवांचा अभ्यास दांडगा आहे. जरा थांबलात तर?” कणा नावाची वस्तू या माणसाच्या हाती कोणी दिली तर तो ती समितीपुढे ठेवेल. ते गेल्यावर आईने त्यांचा अर्धा कप विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने काकांना निरोप पाठवला की तारीख आत्ताच धरू नका. आणि मला विचारलं.

“तो म्हणतो तसं खरंच आहे का त्यात? तू सांग. तूही त्यांच्याच हाताखाली शिकलीस.”

मी म्हटलं, “नीट बघून सांगते.”

आता हे लक्षात घे. बाबांच्या वर्गात आई कधी बसली नाही. वर्ग आपल्याच घरात भरायचा, आणि ती सगळा वेळ आत चहा करायची. मेंढा कोण, बकरा कोण, शिंग कुठलं मोडलं, हे तिला दाराआडून जेवढं ऐकू आलं तेवढंच. बाबा आपल्याला शिकवत होते याचा आपल्याला केवढा अभिमान! आत कप विसळणाऱ्या बाईला कोणी हाक मारली नाही. बाबांनी नाही, तू नाही, मी नाही. म्हणून आज तिच्याच लग्नाचा निकाल द्यायला तिच्यापुढे दोनच माणसं आहेत, तू आणि मी. तू खोटं छापलंस. आणि मी ‘बघून सांगते’ म्हटलं.

बघायला काहीच नव्हतं. तुला लिहिलेलं सगळं मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तुला मी पानंच्या पानं लिहिली. तिला एक वाक्य सांगितलं नाही.

रोज कचेरीतून येते तेव्हा ती माझ्याकडे पाहते. मी चप्पल काढते, पिशवी खुंटीला लावते, आज फार काम होतं म्हणते. ती विचारत नाही. तिच्या मते मी अभ्यास करते आहे.

मी काय करते आहे ते सांगते. संध्याकाळी दार उघडल्यावर आतून “आलीस?” असं कोणी म्हणणार नाही, याचा विचार करते आहे. माझं लग्न झालं नाही ते का, यावर तुम्ही सगळ्यांनी आपापले अर्थ लावलेत. मला त्याचा अर्थ लावायची गरजच पडली नाही, कारण घरात आई होती. आता अडुसष्टाव्या वर्षी ती उठून निघाली, आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी मी मागे राहिलेली विधवा. हसू नकोस. किंवा हस.

तुझा तो तक्ता, तो दांडा, ती अडाणी खोडाखोड, या सगळ्याची मला किळस आहे. पण तुझं पत्रक आलं त्या दिवशी मला आधी बरं वाटलं. तुच्छता नंतर आली. मी ती जरा जास्तच मोठ्याने आणली.

तू मूर्ख आहेस म्हणून आईला अडवतोस. मला सगळं कळतं आणि तरी अडवते आहे. आपल्या दोघांत बाबांनी कोणाला जास्त गुण दिले असते, सांग.

इथेच थांबते.

थोमी


८ मार्च

दादास,

सलाम. मागच्या पत्राला तू लगेच उत्तर पाठवलंस, तेही कधी नव्हे ते प्रेमळ. ‘आपण दोघं एका बाजूला आहोत हे कळून समाधान वाटलं.’ ते वाक्य वाचल्यावर मी आणखी एक दिवसही थांबू शकले नाही. तेवढ्यापुरते तुझे आभार मानते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं आणि आईला म्हटलं, “बस. चष्मा लाव.”

“तू वाच ना.”

“नाही. तू वाच.”

तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. प्रकटीकरणाचा सतरावा अध्याय, सबंध, मोठ्याने. श्वापदाशी एकदा थांबली आणि म्हणाली, “एवढी डोकी आणि अक्कल एकातही नाही.” पाण्याचा अर्थ देवदूताने सांगितला तिथे ती मान डोलावून पुढे गेली. शेवटच्या वाक्यावर आली, ती स्त्री म्हणजे मोठं शहर, आणि तिचं बोट तिथेच राहिलं.

“हे शहराबद्दल आहे?”

“हो.”

“इथेच लिहिलंय.”

“हो.”

“मग यात माझं काय?”

“काही नाही. तुझं यात काहीच नाही, आई.”

तिने चष्मा काढला. “तुझ्या बाबांना हे पाच मिनिटांत सापडलं असतं.”

“मलाही पाच मिनिटांतच सापडलं होतं,” मी म्हटलं.

दादा, मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा मला जवळ घेईल. या तिन्हींची तयारी करून मी बसले होते. तिने यातलं काही केलं नाही. माझ्याकडे पाहिलं, जशी ती भाजीवाल्याकडे पाहते, माल नीट निवडून झाल्यावर. मग चष्मा पुन्हा लावला आणि पुढचा अध्याय वाचायला घेतला. तोही पूर्ण. मग यशया काढून मागितला. ऊन खिडकीतून निघून जाईपर्यंत ती वाचत बसली, आणि त्या दिवशी चहा मी केला. संध्याकाळी पदराला हात पुसत उठली आणि म्हणाली, “फोन दे इकडे.” काकांना एवढंच सांगितलं, “तारीख धरा. आमचं बघून झालं.”

लग्न काल झालं. पाळकसाहेबांनी ‘मंडळीच्या ऐक्यासाठी’ ते मंदिरात न लावता आपल्या कचेरीत लावलं. एका बाजूला फायलींचं कपाट, दुसऱ्या बाजूला मोडका माइक. आईने करड्या रंगाची साडी नेसली होती. काकांनी अंगठी आधी चुकीच्या हातात घालायला काढली, मग म्हणाले, “मला तोंडाचंच माप घेता येतं हो.” आणि थोड्या वेळाने तोच विनोद पाळकबाईंना पुन्हा सांगितला. आई दोन्ही वेळा हसली. साक्षीदार म्हणून एक सही काकांच्या मुलीने केली, एक मी. पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली आणि तीत कोणाचाच पक्ष घेतला नाही.

आई आजच सामान घेऊन गेली. दोन ट्रंका, शिवणाचं यंत्र आणि मोठं पातेलं. मी म्हटलं, पातेलं राहू दे. ती म्हणाली, “तुला एकटीला कशाला लागतंय?” मुद्दाम म्हणाली. तेवढा तिला हक्क आहे. मी ते पातेलं गल्लीच्या टोकापर्यंत डोक्यावर धरून पोचवून आले.

येऊन दार उघडलं. त्याबद्दल तुला लिहिणार नाही.

तुझा पुढचा अंक निघेल तेव्हा त्यात पोस्टमास्तरांना काय खोडायला लावायचं ते तू ठरव. मला प्रत पाठवू नकोस. एका बाजूला असल्याचं जे समाधान तुला वाटलं, ते मी परत घेते आहे. आपण एका बाजूला होतो, आणि ती बाजू घाणेरडी होती. मी तिथून निघाले. तू तिथे ऐसपैस बस.

आईला लिहायचं असेल तर पाकिटावर तिचं नवं आडनाव घाल. जुन्या नावाने आलेलं टपाल या घरी येईल, आणि मी ते उघडणार नाही, पुढेही पाठवणार नाही. नवं आडनाव तुला ठाऊक आहे. तेवढं एक अक्षरओळखीचं काम तुझ्या हातून झालं, तर ती तुला उत्तर देईल. तिने मला तसं सांगितलं आहे, आणि तिने सांगितलेलं मी या वेळी लगेच कळवते आहे.

तुझी धाकटी बहीण,
आईच्या लग्नाची साक्षीदार